बापाच्या धंद्याचा रकाना

१ जानेवारी १८१३ पासून इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चांत बाप्तिस्म्याची नोंद एका ठरावीक छापील नमुन्यावर होऊ लागली. एका पानावर आठ नोंदी आणि प्रत्येक नोंदीत तेच रकाने: बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाची प्रतिष्ठा, धंदा किंवा पेशा, आणि शेवटी विधी करणाऱ्या धर्मगुरूचे नाव. लंडनच्या पूर्व भागातल्या स्पिटलफील्ड्स, बेथनल ग्रीन, शोरडिच, स्टेपनी या जुन्या कष्टकरी वस्त्यांची अशी हजारो पाने आज अभिलेखागारात सुरक्षित आहेत. त्यांची छायाचित्रे संगणकावर आली आहेत आणि जगभर विखुरलेले वंशज आपले खापरपणजोबा शोधण्यासाठी ती उघडून पाहतात. माझे म्हणणे असे आहे की, या शोधाची जी पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे तिने या दस्तऐवजातला सर्वांत मोलाचा रकाना, म्हणजे बापाच्या धंद्याचा रकाना, सामान्य वाचकापुरता जवळजवळ बंद करून टाकला आहे. आणि ज्या सार्वजनिक संस्थांच्या हाती ही रजिस्टरे आहेत त्यांनी तो पुन्हा उघडून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

हे म्हणणे नीट समजण्यासाठी ही वही मुळात कुणाची, हे पाहिले पाहिजे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशने, म्हणजे आपल्याकडे वसईचे ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात त्या घटकाने, एक वही ठेवावी आणि आठवड्यातली लग्ने, बाप्तिस्मे व दफने दर रविवारी तीत लिहावीत. ती लिहिताना पॅरिशचे वॉर्डन, म्हणजे सामान्य रहिवाशांतले कारभारी, हजर असावेत आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवून एक किल्ली धर्मगुरूकडे व दुसरी वॉर्डनांकडे असावी, असेही त्यात सांगितले होते. लोकांना या वहीचा संशय आला. राजा जन्मावर आणि लग्नावर कर बसवणार, अशी कुजबूज गावोगाव झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे पुढच्या इतिहासावरून म्हणता येत नाही. १७८३ साली प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सची मुद्रांक फी बसली, तीतून फक्त पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्या निर्धनांना सूट मिळाली आणि ती फी १७९४ पर्यंत चालू राहिली. थोडक्यात, ही वही चर्चमध्ये असली तरी ती पहिल्या दिवसापासून राज्याची वही होती. १८१२ चा कायदा, जो जॉर्ज रोझ या संसद सदस्याच्या नावाने ओळखला जातो, त्यानेही नमुना ठरवून दिला तो संसदेने, आणि वही कोरड्या, चांगल्या रंगवलेल्या लोखंडी पेटीत ठेवावी हेही सांगितले ते संसदेनेच. अक्षर धर्मगुरूचे असले तरी त्या कामापुरता तो सरकारचा लेखनिक होता.

धंदा लिहिण्याची रीत मात्र रोझच्या कायद्याने शून्यातून निर्माण केली नाही. स्टेपनीच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये सतराव्या शतकातच बापाचा धंदा आणि त्याची वाडी लिहीत असत, आणि रॅटक्लिफ, लाइमहाउस, वॉपिंग या नदीकाठच्या वाड्यांपुढे खलाशी हा शब्द इतक्या वेळा येतो की, हे गाव जमिनीकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून बसले होते हे वेगळे सांगावे लागत नाही. १८१३ नंतर फरक पडला तो इतकाच की, जी गोष्ट एखाद्या पॅरिशची सवय होती ती सगळ्या देशाची सक्ती झाली.

१८१३ ते १८४१ ही अठ्ठावीस वर्षे मला विशेष महत्त्वाची वाटतात. इंग्लंडची जनगणना १८०१ साली सुरू झाली, पण १८३१ पर्यंत तिचा भर डोकी मोजण्यावर होता; माणसागणिक नाव आणि धंदा देणारी पाने देशभरासाठी उपलब्ध होतात ती १८४१ पासून. जन्माची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि तीत बापाचा धंदा आला खरा, परंतु ती रजिस्टरे सामान्य माणसाला चाळता येत नाहीत; ज्याचे नाव आधीच ठाऊक आहे त्याचा दाखला फी भरून मागवावा लागतो. म्हणजे एका आख्ख्या गल्लीतली माणसे त्या काळी पोटासाठी काय करीत होती हे एकामागून एक पान उलटून पाहायचे असेल, तर बाप्तिस्म्याच्या वहीखेरीज दुसरा सलग कागद नाही. आणि हीच वर्षे लंडनच्या पूर्व भागाच्या उलथापालथीची आहेत.

स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांचेच घ्या. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतल्यावर ह्यूगेनॉट विणकर मोठ्या संख्येने इथे आले, आणि आधीच चालत आलेला रेशमाचा धंदा त्यांच्या हातांनी वाढला. १७७३ च्या कायद्याने या विणकरांची मजुरी न्यायाधीशांनी ठरवून द्यावी अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था एकाएकी दयाबुद्धीने आलेली नव्हती. तिच्या आधीच्या दशकात विणकरांनी दंगली केल्या होत्या, मागांवरचे रेशीम कापले होते आणि १७६९ साली त्यांच्यापैकी दोघांना बेथनल ग्रीनमध्येच भर चौकात फाशी दिले होते. तो कायदा १८२४ साली रद्द झाला, १८२६ साली परदेशी रेशमी कापडावरची बंदी उठली आणि १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या व्यापारी कराराने उरलीसुरली जकातही गेली. पुस्तकांत ही चार-पाच सनावळींची कहाणी असते. रजिस्टरात ती माणसागणिक घडताना दिसते.

बेथनल ग्रीनच्या सेंट मॅथ्यू चर्चचे १८२० च्या दशकातले एखादे पान डोळ्यांसमोर आणावे. आठ आडव्या ओळी, आणि धंद्याच्या रकान्यात वरून खाली येताना विणकर, पुन्हा विणकर, मग लेखनिकाने कंटाळून काढलेली 'वरीलप्रमाणे'ची खूण, मध्येच एक चांभार किंवा सुतार, आणि पुन्हा विणकर. ठिकाणाच्या रकान्यात क्लब रो, ब्रिक लेन अशा गल्ल्या. ही आठ माणसे एकमेकांची नातलग नाहीत. त्यांना एका पानावर आणले ते एकाच चर्चने आणि लागोपाठच्या रविवारांनी, आणि बहुधा एकाच धंद्याने. पान म्हणजे शेजार आहे, आणि शेजार हाच या वहीचा खरा विषय आहे असे मला वाटते.

आपल्याकडे धंद्यावरून आडनाव पडते. सुतार, लोहार, शिंपी, तांबोळी ही नावे एकदा चिकटली की नातू कचेरीत कारकून झाला तरी सुटत नाहीत. त्यामुळे आडनावावरून पूर्वजांचा धंदा कळतो, पण तो कधी सुटला आणि का सुटला हे कळत नाही. या रजिस्टरांचे वेगळेपण इथे आहे. धंदा इथे दर मुलागणिक नव्याने विचारला जाई. कष्टकरी घरात दर दोन-अडीच वर्षांनी मूल होई, म्हणून एकाच बापाला पंधरा वर्षांत सहा-सात वेळा तोच प्रश्न विचारला गेला आणि सहा-सात वेळा त्याने उत्तर दिले. पहिल्या तीन मुलांच्या वेळी विणकर, चौथ्याच्या वेळी मजूर, पाचव्याच्या वेळी फेरीवाला आणि सहाव्याच्या वेळी पुन्हा विणकर, असा क्रम जेव्हा एका नव्हे तर एका गल्लीतल्या वीस घरांत सापडतो, तेव्हा १८२४ च्या निर्णयाचा अर्थ आपल्याला संसदेच्या भाषणांपेक्षा वेगळ्या रीतीने कळू लागतो.

अर्थात हा शब्द जपून वाचावा लागतो. रकान्याचे इंग्रजी शीर्षकच सांगते की प्रश्न आधी प्रतिष्ठेचा होता, धंद्याचा नंतर. विणकर या एकाच शब्दाखाली स्वतःचे माग असलेला आणि दुसऱ्यांना काम देणारा मालक येतो, त्याच्याकडून सूत नेऊन माडीवरच्या रुंद खिडकीच्या उजेडात विणणारा मजूर येतो, आणि ज्याचा माग तीन महिने रिकामा उभा आहे असा माणूसही येतो. विचारल्यावर तो आपला धंदा सांगतो, आजची कमाई सांगत नाही. मला हा वहीचा दोष वाटत नाही. हाती काम नसतानाही माणूस स्वतःला विणकर म्हणवत राहतो, ही त्याच्या श्रमजीवनातली लहान गोष्ट नाही. पण त्यावरून बेकारी मोजायला निघाले तर चूक होईल. मालक आणि मजूर वेगळे करायला तेव्हा शेजारच्या रकान्याची मदत घ्यावी लागते: स्पिटलफील्ड्सच्या चर्च स्ट्रीटवरचे, आजच्या फोर्निये स्ट्रीटवरचे, उंच विटांचे घर आणि बेथनल ग्रीनमधली दोन खोल्यांची बैठी घरे यांतले अंतर धंद्याच्या शब्दात नाही, पत्त्यात आहे. धंदा आणि पत्ता हे दोन रकाने म्हणूनच एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

या रकान्याची सर्वांत मोठी पोकळी बाईच्या कामाची आहे, आणि तिच्याविषयी बोलताना मला थोडे थांबावेसे वाटते. हातमागाचे घर कसे चालते हे येवला-सोलापूरकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मागावर एक माणूस बसतो, पण धोट्यात घालायच्या कांड्या भरणारे हात बहुतेक बायकांचे आणि पोरांचे असतात, आणि कांडी भरलेली नसेल तर माग थांबतो. स्पिटलफील्ड्समध्येही तसेच होते. बायका कांड्या भरीत, रेशीम उकलीत आणि पुष्कळदा स्वतः मागावर बसत. रजिस्टरात यातले काही येत नाही, कारण रकाना बापाचा आहे. आईचे नाव लिहिले जाते ते फक्त नाव म्हणून. अपवाद एकच: मुलाला बाप नसेल, म्हणजे आईचे लग्न झालेले नसेल, तर तो रकाना तिच्या वाट्याला येतो, आणि तिथे तिचे काम लिहिण्याऐवजी बहुतेक वेळा 'अविवाहित स्त्री' एवढे दोन शब्द लिहिलेले असतात. मोलकरीण असे कधीमधी आढळते. बापाला विचारलेला प्रश्न 'तू काय करतोस' हा होता. तिला विचारलेला प्रश्न 'तू कोण आहेस' हा होता. १८८८ च्या जुलैमध्ये बो भागातल्या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका आणि मुली संपावर गेल्या आणि इंग्लंडच्या कामगार चळवळीला त्यांनी नवे वळण लावले. पुढे त्यांची लग्ने झाली, मुलांचे बाप्तिस्मे झाले, आणि त्या नोंदींत त्यांच्या नवऱ्यांचे धंदे लिहिले गेले. ही वही ज्यांना कामगारांचा इतिहास म्हणून वाचायची आहे त्यांनी या रिकाम्या जागेची नोंद प्रत्येक पानाच्या समासात केली पाहिजे.

नदीकडे गेले की दुसरी अडचण येते. वेस्ट इंडिया डॉक १८०२ साली, वॉपिंगचे लंडन डॉक १८०५ साली आणि सेंट कॅथरिन डॉक १८२८ साली उघडले. या शेवटच्या गोदीसाठी सुमारे ११,००० रहिवाशांना घरे सोडावी लागली. गोद्या वाढल्या तसा रजिस्टरांत मजूर हा शब्दही वाढला. या एका शब्दामागे कोळसा उपसणारा आहे, जहाजाच्या पोटात माल रचणारा आहे, पाठीवर पोती वाहणारा आहे आणि सकाळी गोदीच्या फाटकाशी उभा राहून मुकादमाची नजर आपल्यावर पडते का याची वाट पाहणारा आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रोजंदार माणसाला धंदा विचारला तर तो तरी दुसरे काय सांगणार? याउलट होडीने माल वाहणारा लायटरमन वर्षानुवर्षांची उमेदवारी करून आपल्या संघाचा सभासद होई आणि रकान्यात लायटरमन असेच लिहवून घेई. म्हणून काही धंद्यांची नावे सुटी, ठसठशीत दिसतात आणि बाकीचा मोठा जमाव एका शब्दात बुडतो. हा भेद लेखनिकाच्या आळसामुळे पडला नव्हता. संघटित कारागीर आणि असंघटित बिगारी यांच्यातली दरी त्या वस्तीत खरोखरच होती, आणि १८८९ च्या गोदी संपात ताशी पाच पेन्सऐवजी सहा पेन्स मिळावेत म्हणून जी माणसे रस्त्यावर आली ती बहुतांशी या एका शब्दात बुडालेली माणसे होती.

वहीत कोण येतच नाही हेही सांगितले पाहिजे. ज्यू कुटुंबे येत नाहीत; १८८१ नंतर रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंनी व्हाइटचॅपलमध्ये शिंपीकामाचा मोठा उद्योग उभा केला, तो या रजिस्टरांच्या पूर्णपणे बाहेर आहे. बॅप्टिस्ट पंथ लहान मुलांचा बाप्तिस्मा मानीत नाही. आयरिश कॅथलिकांच्या नोंदी त्यांच्या चर्चांत लॅटिनमध्ये होत आणि त्यांत बापाचा धंदा सहसा नसे. अविवाहित, उमेदवार, घरकामाचे नोकर, मुलेबाळे मोठी झालेले वृद्ध हेही सुटतात.

तरीसुद्धा या वहीतून किती मोठे निष्कर्ष निघू शकतात याचे एक ठळक उदाहरण आहे. केम्ब्रिज विद्यापीठातल्या इतिहास संशोधकांच्या एका गटाने १८१३ ते १८२० या काळातल्या इंग्लंडमधल्या जवळजवळ सगळ्या पॅरिशांच्या रजिस्टरांतून बापांचे धंदे गोळा केले आणि जुन्या नोंदींशी ते ताडून पाहिले. माणसे शेतीकडून कारागिरीकडे वळली ती कारखाने आणि वाफेची यंत्रे आल्यावर, ही शाळेत शिकवली जाणारी समजूत त्यातून ढासळली. पुरुषांपुरते पाहिले तर हे स्थित्यंतर पुष्कळ अंशी सतराव्या शतकातच घडून गेले होते असे दिसले. एका देशाच्या औद्योगिक इतिहासाची कालगणना बदलण्याचे सामर्थ्य ज्या रकान्यात आहे, तो कुणाच्या पणजोबाच्या नावापुढची किरकोळ माहिती म्हणून बाजूला सारण्यासारखा खचितच नाही.

आणि तो बाजूला सारला गेला आहे. संगणकावर ही रजिस्टरे आली तेव्हा त्यांच्या सूची कुणी केल्या आणि कशासाठी केल्या हे पाहिले की कारण समजते. पहिल्या मोठ्या सूची वंशावळीसाठी झाल्या, म्हणून त्यांत नाव, आईबापांची नावे आणि तारीख उतरवली. धंदा आणि पत्ता उतरवला नाही. पुढे खासगी कंपन्यांनी अभिलेखागारांशी करार करून पानांची छायाचित्रे काढली आणि वर्गणी भरणाऱ्या ग्राहकाला ती दाखवली. ग्राहकाला हवे असते आडनाव, म्हणून शोधाची चौकटही मुख्यतः आडनावाभोवती बांधली गेली. आडनाव टाकले की एक ओळ समोर येते. तिच्या वरच्या-खालच्या सात ओळी त्याच छायाचित्रात असतात, पण त्या कुणी विचारलेल्या नसतात. आपल्या कुळाच्या नोंदी पाहायला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जाणारा माणूस आपलेच पान पाहून परत येतो. तिथे ते योग्य आहे, कारण ती नामावळी मुळातच कुळागणिक लिहिलेली आहे. पॅरिशचे रजिस्टर कुळागणिक लिहिलेले नाही. ते दिवसागणिक आणि वस्तीगणिक लिहिलेले आहे, आणि त्याला कुळाच्या नामावळीसारखे वापरणे म्हणजे त्याची बांधणी उसवणे आहे.

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांतला पैशाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हस्तलिखित पाने छायांकित करणे आणि वाचून उतरवणे खर्चाचे काम आहे. नगरपालिकांच्या तिजोऱ्या आटत असताना खासगी भांडवल आले नसते तर ही पाने अजून पेटीतच राहिली असती. हे खरे आहे, आणि ते मान्य न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लंडनच्या अभिलेखागारात प्रत्यक्ष जाणाऱ्याला ही छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात हेही खरे. पण करार हा करार असतो. त्याला मुदत असते आणि नूतनीकरणाच्या वेळी अटी घालता येतात. मूळ कागद सार्वजनिक, तो जपण्याचा दीडशे-दोनशे वर्षांचा खर्च सार्वजनिक, आणि त्यातून झालेली सूची मात्र कायमची खासगी, ही वाटणी कोणत्याही हिशोबाने न्याय्य ठरत नाही. कंपनीने खर्च भरून काढण्याइतका काळ वर्गणी घ्यावी आणि त्यानंतर छायाचित्रे व सूची दोन्ही सर्वांना खुली व्हावीत, अशी अट घालणे अभिलेखागारांच्या हातात आहे. स्वयंसेवकांनी चालवलेले विनामूल्य उतारेकरी प्रकल्पही आहेत, आणि वेतन न घेता संध्याकाळी घरी बसून जुने अक्षर लावणारी माणसे धंद्याचा आणि पत्त्याचा रकाना उतरवू शकतात, तर पैसे घेऊन काम करणाऱ्यांना तो उतरवायला सांगणे गैरवाजवी नाही.

धंद्यांची नावे अनियमित आहेत, एकाच कामाला दहा नावे आणि एकाच नावाला दहा स्पेलिंगे आहेत, त्यामुळे त्यांची सूची करण्यात अर्थ नाही, असे काही जण म्हणतात. हे आडनावांनाही तितकेच लागू आहे, आणि आडनावांच्या बाबतीत त्यावर कधीच तोडगा निघाला: जसे लिहिले आहे तसे उतरवायचे आणि प्रमाण रूप शेजारी वेगळे द्यायचे. चर्चच्या मालमत्तेचा मुद्दा त्याहून हळवा आहे. आपल्या पवित्र विधीची वही लोकांनी आकडेमोडीसाठी उलटावी याचे एखाद्या श्रद्धावानाला वाईट वाटू शकते, आणि त्या भावनेचा मी अनादर करणार नाही. परंतु बाप्तिस्मा हा संस्कार चर्चचा असला तरी धंद्याचा रकाना संसदेचा आहे. देवापुढे मूल आणताना बाप विणकर आहे की न्हावी याने काही फरक पडत नव्हता, फरक पडत होता तो राज्याला. दोन कुलपांच्या त्या जुन्या पेटीची दुसरी किल्ली सुरुवातीपासून रहिवाशांच्या कारभाऱ्यांकडे होती, ते उगीच नव्हे.

खासगीपणाचा मुद्दा काढला जातो तेव्हा मला आश्चर्य वाटते. निर्धन म्हणून लिहिलेला बाप, अविवाहित म्हणून लिहिलेली आई यांच्या पणतवंडांना त्या नोंदीने संकोच वाटेल हे मी समजू शकतो. पण आज नेमकी तीच नोंद नावाने शोधून एका टिचकीत उघडता येते. गल्ली आणि धंदा यांच्या आधारे वस्तीचे चित्र पाहायचे असेल तर नावाची गरजच पडत नाही. ज्या पद्धतीने माणसांची लाज राखली जाते ती नाकारायची आणि ज्या पद्धतीने ती उघडी पडते ती विकायची, हा युक्तिवाद टिकत नाही.

पानाचा क्रम राखणे ही माझ्या मते यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मागणी आहे. नोंद सुटी काढून न दाखवता तिच्या पानात, आगेमागेच्या ओळींसह दाखवली, तर पुष्कळ गोष्टी आपोआप बोलू लागतात. तारखांचा रकाना पाहा. कष्टकऱ्यांचे बाप्तिस्मे रविवारी होत, आणि नाताळच्या दिवशी तर एकाच चर्चमध्ये मुलांची रांग लागे. यात नाताळची भक्ती असेलही. पण त्या दिवशी हमखास सुट्टी असे आणि बापाला रोज बुडवावा लागत नसे, हे कारण त्याहून साधे आहे. नोंदीसाठी काही ठिकाणी पैसे मागितले जात, ते कायद्याने बंद झाले १८७२ साली. तोवर गरिबाचे मूल दोन-तीन भावंडे जमेपर्यंत थांबत असेल, आणि मग एकाच दिवशी एकाच आडनावाच्या तीन ओळी लागोपाठ येत असतील, तर तेही श्रमाच्या हिशोबातच मोडते. सुटी ओळ यातले काही सांगू शकत नाही. अख्खे पान सांगते.

शोरडिच आणि बेथनल ग्रीनच्या सीमेवर ओल्ड निकल नावाची अत्यंत दाट वस्ती होती. विणकर गेल्यावर तिथे खुर्च्या करणारे, पॉलिश करणारे, बूट शिवणारे आणि फेरीवाले राहत. लंडन काउंटी कौन्सिलने १८९० च्या दशकात ती वस्ती पाडली आणि तिच्या जागी बाउंड्री इस्टेट ही सार्वजनिक घरांची पहिल्या काळातली मोठी वसाहत बांधली, जिचे उद्घाटन १९०० साली झाले. उठवलेल्यांपैकी नव्या घरांत परत आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. वसाहतीच्या मधोमध अर्नोल्ड सर्कस नावाचे गोल उद्यान आहे, आणि बँडच्या छत्रीखालचा तिथला उंचवटा पाडलेल्या घरांच्या मातीविटांनी केलेला आहे. हाफ निकल स्ट्रीट आता नकाशावर नाही. आसपासच्या चर्चांच्या रजिस्टरांत पत्त्याच्या रकान्यात ती आहे आणि तिच्या शेजारच्या रकान्यात तिथल्या बापांचे धंदे आहेत. त्या उंचवट्यावर उभे राहून, या मातीविटा जेव्हा भिंती होत्या तेव्हा त्यांच्या आत कोणकोणती कामे चालत होती, हे कुणाला विचारावेसे वाटले तर त्याच्यापुढे जी शोधाची चौकट उघडते तिची पहिली जागा आजही आडनावाची आहे.